दुखण्याचा डॉक्टर

उदेभान कापगते एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा आवाज गाडीच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे, असं सडक अर्जुनीच्या स्टँडवर सगळे म्हणत. थोरल्या मुलाला, योगराजला, नागपूरला एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याचा फोन आला तेव्हा ते गोंदियाहून परतीच्या फेरीवर होते. वाटेतल्या गोरेगावच्या स्टँडवर त्यांनी गाडी उभी केली, पेढे आणले आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत वाटत गेले. कंडक्टर घड्याळाकडे बोट दाखवत होता.

"थांब ना बे," उदेभान म्हणाले. "माया पोट्टा डाक्टर होऊन राहिला, तुया टाइमले काय चाटू?"

त्यांच्या मनात मुलानं काय व्हायचं हे ठरलेलं होतं. त्यांचं गाव महामार्गाला लागून. ट्रकखाली सापडलेली, दुभाजकाला धडकलेली माणसं त्यांनी किती वेळा स्वतःच्या गाडीत टाकून दवाखान्यात नेली होती. हात लोंबतोय, पाय उलटा फिरलाय, आणि डॉक्टर म्हणतोय, नागपूरला न्या. "तू हाडाचा डाक्टर हो," ते योगराजला सांगत. "सडकेवरच दवाखाना टाक. मी रिटायर झालो का गेटवर बसतो." योगराजलाही ते पटलं होतं. कॉलेजात तो हाडांच्या वॉर्डात जास्त रमायचा, प्लास्टर घालायला हौसेनं पुढे व्हायचा.

उदेभानच्या खिशात खर्र्याची पुडी कायम असे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेला खर्रा या भागात चहासारखा चालतो. पाहुणा आला की आधी तो पुढे करतात. पहाटेच्या फेरीला डोळा लागू नये म्हणून उदेभाननी तो सुरू केला आणि मग सोडला नाही. योगराज शेवटच्या वर्षाला असताना पोळ्याला घरी आला. जेवताना बाबा भात वरणात कालवून, बोटांनी अगदी लगदा करून, ओठांच्या फटीतून आत सारताहेत हे त्यानं पाहिलं.

"बाबा, तोंड उघडा."

"जेव तू."

"उघडा म्हणतो ना."

जबडा दोन बोटंही आत जाणार नाहीत इतकाच उघडला. योगराजनं मोबाइलचा टॉर्च आत धरला. गालाच्या आतल्या बाजूला जे दिसलं ते त्यानं पुस्तकात पाहिलं होतं. त्यानं टॉर्च बंद केला आणि ताटातली पोळी तशीच टाकून हात धुतले. आई, दुर्पताबाई, दारात उभी होती.

नागपूरला तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. अर्धा जबडा काढला, जिभेचा बराचसा भाग काढला, मग रेडिएशनचे शेक झाले. उदेभानचा आवाज गेला. घशातून फक्त वारा यायचा. तरी ते घरी परतले तेव्हा गाव पाहायला आलं आणि त्यांनी सगळ्यांना हात वर करून दाखवला. उन्हाळा बरा गेला. पावसाळ्यात मानेला गाठ आली आणि ती फुटली. योगराजची तेव्हा इंटर्नशिप चालू होती. त्यानं बाबांना पुन्हा नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनी त्याला बाजूला घेतलं. "तू आता आमच्यातलाच आहेस, तुला काय सांगू?" ते म्हणाले. "घरी ने. सेवा कर."

सेवा म्हणजे काय करायचं, हे त्यानं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर जे घरात सुरू झालं त्याबद्दल योगराज फार कमी बोलतो. दुखणं कानापासून सुरू व्हायचं आणि डोक्यात, खांद्यात, डोळ्यामागे जायचं. ओरडायला आवाज नव्हता म्हणून उदेभान खाटेच्या लोखंडी पट्टीवर मूठ आपटायचे. आपटून आपटून हाताची सालं गेली. दुर्पताबाईंनी पट्टीला जुनं लुगडं गुंडाळलं, तर ते डोकं आपटू लागले. योगराज हाताशी असलेली इंजेक्शनं देत होता, आणि त्यांनी काही होत नव्हतं. शेजारचे लोक संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"इतके वर्सं शिकून तू काय शिकला रे बाबू?" दुर्पताबाई एकदा म्हणाल्या. चिडून नाही, खरंच कळत नसल्यासारख्या. "मानूस बरा होत नाई, समजलं मले. पन दुखनं बी थांबवता येत नाई का?"

थांबवता येतं, हे योगराजला माहीत होतं. मॉर्फिन. औषधशास्त्राच्या पेपरात त्यावर त्यानं अख्खं पान लिहिलं होतं. कॉलेजात त्याची गोळी कुणाच्या हातात मात्र कधी पाहिली नव्हती. तो गोंदियाला गेला. मोठ्या मेडिकल दुकानातल्या श्यामलाल नावाच्या म्हाताऱ्या माणसानं चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली आणि परत केली.

"ये हम नहीं रखते, डॉक्टर साब."

"कौन रखता है?"

"इधर तो कोई नहीं रखता होगा. लायसन का लफड़ा है. एक गोली इधर-उधर हुई तो मैं अंदर." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "पिताजी हैं क्या?"

योगराजनं मान डोलावली. श्यामलालनं काउंटरची फळी उचलून त्याला आत बसवलं, पाणी दिलं. देण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

पुढच्या दुकानात त्याला ओळखपत्र दाखवूनही नशेबाज समजून हाकललं. शेवटी तो नागपूरला, जिथं ऑपरेशन झालं होतं तिथं गेला. पेशंटला आणल्याशिवाय देता येत नाही, असं आधी सांगितलं. तो दिवसभर बाकावर बसून राहिला. संध्याकाळी एका डॉक्टरबाईंना दया आली आणि त्यांनी थोड्या गोळ्या दिल्या. कशा वाढवायच्या, पोट साफ राहायला सोबत काय द्यायचं, हेही त्यांनीच समजावलं. योगराजला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिली गोळी त्यानं पाण्यात विरघळवून, जेवणासाठी नाकात घातलेल्या नळीतून दिली. आई खाटेजवळ बसून होती. तासाभरानं ती म्हणाली, "मुठी सुटल्या, पाह्य."

उदेभानची बोटं चादरीवर मोकळी पडली होती. ते झोपले. उठल्यावर त्यांनी खुणेनं अंगणात खुर्ची टाकायला लावली आणि महामार्गाकडे तोंड करून बसले. एसटी गेली की मांडीवर हात फिरवून गिअर बदलल्यासारखं करायचे आणि हसायचे. दुर्पताबाईंकडून दाढी करून घेतली. धाकटा मुन्ना बाजूला बसून गावातल्या भानगडी सांगायचा आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलायचे. घर पुन्हा घरासारखं वाटू लागलं.

गोळ्या संपत आल्या तेव्हा योगराज पुन्हा नागपूरला गेला. त्या डॉक्टरबाई लांब सुटीवर होत्या. ज्यांच्या सहीनं कपाट उघडायचं ते दुसरे साहेब बाहेरगावी होते. तो रिकाम्या हातानं परतला.

दुखणं परत आलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. आता उदेभानना ते थांबतं हे माहीत झालं होतं. ते योगराजकडे बघायचे. त्या नजरेत विनवणी असती तर त्याला सोसलं असतं. त्यात संशय होता. मुलगा गोळी असून देत नाही, असं त्यांना वाटत होतं. एकदा योगराज बाहेरून आला तर ते खाटेवरून उतरून, भिंतीला धरून, त्याची बॅग उलटी करत होते. स्टेथोस्कोप, कपडे, पुस्तक जमिनीवर पडलं होतं. योगराज खाली बसला. "नाही हो बाबा," तो म्हणत राहिला, "नाही हो माझ्याजवळ."

त्यांचा विश्वास बसला नाही. तसेच ते गेले.

पुढच्या वर्षी योगराजनं पदव्युत्तर प्रवेश परीक्षा दिली. क्रमांक असा आला की हाडांची शाखा सहज मिळत होती. मुन्नानं गावभर सांगूनही टाकलं होतं. यादी लागली तेव्हा योगराजनं भूलशास्त्र घेतल्याचं घरी कळलं.

"भूल?" मुन्ना ओरडला. "ऑपरेशनच्या आधी सुई मारनारा? तो कंपाउंडरच असते ना जवळपास. तुले काय झालं दादा? बाबानं हाडाचा डाक्टर म्हटलं होतं."

"बाबाले हाडाच्या डॉक्टरचं काम नाही पडलं, मुन्ना."

"मंग? भूलवाल्याचं पडलं का?"

"हो."

मुन्ना उठून गेला. दुर्पताबाई तांदूळ निवडत होत्या, त्या थांबल्या नाहीत. योगराजनं त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की दुखणं थांबवण्याचं शिक्षण याच शाखेतून पुढे जातं. त्या म्हणाल्या, "आता शिकून काय करशीन? ज्याचं दुखत होतं तो त गेला."

तरी तो शिकला. भूलशास्त्र झाल्यावर तो दक्षिणेतल्या एका कर्करोग रुग्णालयात गेला. बरे न होणाऱ्या माणसांचं दुखणं कसं हाताळायचं एवढंच तिथं शिकवत. पहिल्याच सकाळी वॉर्डात त्याला बाबांसारख्याच आजाराच्या चार-पाच बाया दिसल्या. कुणाच्या गालाला भोक, कुणाची मान सुजलेली. आणि त्या टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावरून भांडत होत्या. नर्सनं कपाटातून एक साधी बाटली काढली, प्रत्येकीला मापानं औषध दिलं आणि बाटली जागेवर ठेवली. मीठ ठेवावं तशी. योगराजनं किंमत विचारली. ती इतकी कमी होती की ऐकून तो बाहेर गेला आणि व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाबांचं दुखणं थांबवणं अवघड होतं म्हणून ते तसे गेले, असं तो आजवर धरून चालला होता. ते सोपं होतं. फक्त गोंदियाला ते औषध नव्हतं.

तिथल्या प्रमुखांनी त्याला थांबायला सांगितलं. तो गोंदियाला परत आला.

एका मोठ्या दवाखान्यात त्याला भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली. सकाळभर तो ऑपरेशनला भूल द्यायचा. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर त्याला दुपारसाठी जुन्या इमारतीतली एक खोली मिळाली आणि त्याहून कितीतरी उशिरा मॉर्फिन ठेवायची परवानगी. त्यानं गोंदियाजवळ कुडव्याला भाड्यानं घर घेतलं, स्कूटरनं जायचा-यायचा. लग्नाचं एक-दोनदा ठरत आलं. मुलगी काय करते, मुलगा काय करतो हे बोलणं होताना त्याच्या कामाचं नाव निघालं की समोरचे चहा संपवून उठायचे. मग त्यानंच विषय बंद केला.

खोलीत लोक यायला घाबरत. तिथं पाठवलं म्हणजे आशा संपली, हे बाहेरच्या चहावाल्यालाही कळायचं. इंटर्न टीना काही महिने त्याच्या हाताखाली होती. तिनं एकदा विचारलं, "सर, तुम्ही ही ब्रँच काऊन घेतली?" तो म्हणाला, "मिळाली तीच घेतली." तिला त्वचारोग घ्यायचा होता.

मुन्नानं महामार्गावर पानठेला टाकला. तिथं खर्रा विकायचा. योगराजनं त्याच्याशी भांडून पाहिलं, हात जोडून पाहिलं.

"मी नाई घोटला त बाजूचा घोटन," मुन्ना म्हणायचा. स्वतःही खायचा. तोंड दाखव म्हटलं की उठून जायचा.

याच खोलीत गीताबाई आली. प्रतापगडाच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या वस्तीतली, टोल्यावरची, गोंड घरातली, पन्नाशीची. लहानपणापासून दात घासायला गुडाखू लावायची. तंबाखू आणि गुळाची ती काळी पेस्ट तिच्या गावात सगळ्याच बाया लावत. गाल आतून खाऊन गेला होता. नवरा बकाराम जंगलात मजुरी करायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा. तिला खांद्याला धरून त्यानं आत आणलं. ती बसू शकत नव्हती, उभी राहू शकत नव्हती. भिंतीला कपाळ टेकून हुंकारत होती.

योगराजनं तिला तिथंच औषध दिलं आणि बसवून ठेवलं. दुपार कलताना तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य नवऱ्याला उद्देशून बोलली. शब्द फुटके होते, पण कळले. "बकऱ्यायले कोन पानी पाजलं?"

बकाराम हसला आणि मग रडायला लागला.

पुढे काही महिने बकाराम गोळ्या न्यायला यायचा. यायचा तेव्हा कधी मोहफुलं, कधी रानातली भाजी आणायचा आणि तिची बातमी सांगायचा. ती आता भाताच्या बांधीवर जाते. रोवण्याच्या वेळी बांधावर बसून बायांना शिव्या घालत होती. नातीच्या केसांत तेल घातलं. जखम वाढत होती, गीताबाई वाळत चालली होती, हे दोघांनाही माहीत होतं. "पन निजते साहेब," बकाराम म्हणायचा. "रातभर निजते." योगराजच्या आयुष्यात त्या काळात ऐकण्यासारखं एवढंच होतं.

मग साठा आला नाही. परवानगीचं नूतनीकरण अडकलं होतं. ज्यांच्याकडे कागद होता त्यांची बदली झाली आणि नवे अजून आले नव्हते. योगराज जिल्ह्याच्या कार्यालयात गेला, नागपूरला गेला, दक्षिणेत जुन्या सरांना फोन केले. सगळे म्हणत होते, होईल, आठवड्यात होईल. दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी त्याला समजावलं, "डॉक्टर, हे पेशंट तसेही जाणारच आहेत. तुम्ही एवढं मनाला कशाला लावून घेता?" आणि त्याला ऑपरेशनला पाठवलं.

बकाराम आला तेव्हा योगराजनं त्याला खरं सांगितलं आणि हाताशी होती ती हलकी औषधं दिली. तो पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो आलाच नाही, म्हणून रविवारी योगराज स्वतः स्कूटर काढून त्या टोल्यावर गेला. घर शोधावं लागलं नाही. गल्लीतली पोरं ज्या घरापासून लांब खेळत होती, ते घर.

गीताबाई आतल्या खोलीत जमिनीवर होती. ती त्याला ओळखून सरकत त्याच्या पायाशी आली आणि त्याच्या पँटचे दोन्ही खिसे धरले. बकारामनं तिचे हात सोडवले. योगराजनं आणलेलं इंजेक्शन दिलं. त्यानं थोडी गुंगी आली, दुखणं गेलं नाही.

बाहेर अंगणात दोघं बसले. बकारामनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला. तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"साहेब, एक बोलू का? राग नोका येऊ देऊ."

"बोला ना बकारामभाऊ."

"तुमी ते गोळी नसती देल्ली त बरं झालं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "पयले बी दुखे तिचं. पन तिले वाटे, दुखनं असंच असते. सोसे. तुमी थांबवून दाखवलं. आता ते सोसत नाई. आता ते मलेच म्हनते, तू लपवून ठेवलं. तीस वर्सं संसार केला साहेब, आन् ते माया तोंडावर थुकली."

योगराज तांब्यातलं पाणी प्यायला. तो उठला. गाडी सुरू करताना किक दोनदा चुकली. बकारामनं पुढे होऊन गाडी धरली.

गीताबाई त्याच आठवड्यात गेली. बकाराम सांगायला आला नाही. त्या बाजूच्या आशा सेविकेनं फोनवर कळवलं. साठा त्यानंतर आला.

योगराज अजून तीच खोली चालवतो. पण त्यानं एक बदल केला आहे आणि तो कुणाला सांगितलेला नाही. शिकवलं होतं ते असं की दुखणं पूर्ण थांबेपर्यंत मात्रा वाढवायची. कुणालाही दुखण्यात ठेवायचं नाही. योगराज आता तिथपर्यंत नेत नाही. निम्म्यावर थांबतो. माणूस बसू शकेल, दोन घोट पाणी पिऊ शकेल, डोकं आपटणार नाही, एवढ्यावर. साठा पुरतो आणि उद्या तो आला नाही तर पडायचं अंतर कमी राहतं. रोज स्कूटरवर जाता-येता तो हे गणित स्वतःला समजावून सांगतो आणि रोज ते त्याला पटत नाही.

मागच्या महिन्यात आमगावकडचा चुन्नीलाल नावाचा म्हातारा त्याच्याकडे आला. घशाचा कर्करोग. मुलगी सोबत होती. औषध सुरू झालं, तो बसू लागला, चमच्यानं पेज घेऊ लागला. दुसऱ्या खेपेला मुलगी एकटी आली. तिनं आभार मानले, मग थोडी घुटमळली.

"डाक्टर साहेब, बाबा अजून कन्हत राहतात. पहाटेले जास्त. हे पूर्ण नाई थांबत का कधी?"

कपाट योगराजच्या मागेच होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

"नाही," तो म्हणाला. "पूर्ण नाही थांबत."

तिनं मान डोलावली. खरं सांगितल्याबद्दल पुन्हा एकदा आभार मानले, गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि ती गेली. योगराजनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.